चाळिशीनंतरचं लांब पल्ल्याचं पोहणं

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांच्या अनुभवकथनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



या मंचावर दरवर्षी मोठ्या जाणकारांची व्याख्यानं होतात. मी पॉलिटेक्निकची पदविका घेऊन राज्य शासनाच्या जलसंसाधन विभागात लागलेला साधा उपयंत्री. पाणी मोजणं, अडवणं, सोडणं हे माझं रोजचं काम. पण स्वतः पाण्यात उतरायला मला वयाची ३९ वर्षं लागली. त्याबद्दल दोन शब्द बोल, असा कार्यवाहांचा आग्रह होता.

आपलं इंदूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. आपल्या घरांचं पाण्याशी नातं म्हणजे पर्वणीला ओंकारेश्वर किंवा महेश्वर गाठायचं, घाटावर साखळी धरून तीन बुड्या मारायच्या आणि वर यायचं. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ ऐन पंचविशीत नर्मदेत बुडाले. तेव्हापासून आमच्या घरात नियमच झाला, गुडघ्याच्या वर पाणी नको. नियम मायेपोटी होता. पण झालं असं की घरात कुणालाच पोहता येईना, आणि नदीवर जाणं मात्र कुणाचं थांबलं नाही. इथे बसलेल्या अनेक घरांत थोड्याफार फरकाने हेच असेल.

मुलीला उन्हाळी वर्गात घातलं, तेव्हा मीही मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. लहान मुलं पाण्यात पडतात, हसतात, पुन्हा उडी मारतात. मोठ्या माणसाचं तसं नसतं. आपलं डोकं आधी पाण्यात उतरतं आणि अंग मागून. मान ताठ, पाय जड, आणि श्वास रोखलेला. आमच्या प्रशिक्षकांनी पहिले आठ दिवस हातपाय हलवू दिले नाहीत. तोंड पाण्यात घालून सावकाश श्वास सोडायचा, एवढंच. नवख्याला धाप लागते ती बहुतेक वेळा हवा कमी पडल्याने लागत नाही. आतली हवा तो बाहेर सोडत नाही, तिच्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घुसमटतो. पुरता श्वास सोडता आला, की घेणं आपोआप जमतं. लांब पल्ल्याच्या पोहण्याचा हा पाया आहे, आणि वय झालेल्या माणसाला तोच सगळ्यात उशिरा साधतो.

वर्षभरात सलग एक किलोमीटर जमू लागलं. मग मालवणला चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या समुद्री स्पर्धेत तीन किलोमीटर पोहायचं मनात आलं. इंदुरात बसून समुद्राची तयारी करायची म्हणजे पंचाईतच. २५ मीटरच्या तलावात तीन किलोमीटर म्हणजे १२० वेळा भिंत गाठणं. दर वेळी भिंतीला पाय लावून आपण रेटा घेतो आणि क्षणभर विसावतो. समुद्रात ती भिंत नाही. म्हणून मी भिंतीच्या हातभर अलीकडून वळायचा सराव केला. पहिल्याच दिवशी सातशे मीटरला दमलो. तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, तीही समुद्रात नसते. दर आठ-दहा हातांनंतर डोळे वर काढून खूण पाहायची, नाहीतर माणूस भलतीकडेच जातो. तेही तलावातच गिरवलं.

शरीराचं म्हणाल, तर चाळिशीत खांदा आधी बोलतो. स्पर्धेचं नाव काढण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्या. अंतर हळूहळू वाढवा, आणि खांदा दुखला तर दोन दिवस सुट्टी घ्या. विशीतलं शरीर उधारीवर चालतं, आपलं रोखीनेच चालतं.

वेळेची अडचण त्याहून मोठी. मार्चअखेर, निवडणुकीची ड्यूटी, पावसाळ्यात धरणावर मुक्काम, यांतून आठवड्याचे चार दिवस पहाटे साडेपाचला तलावावर पोहोचायचं. मी तलावात असताना मुलीची शाळा, डबा आणि आईची औषधं हे सगळं सौभाग्यवती पाहत होती. प्रमाणपत्रावर एकाचंच नाव येतं, पण पोहायला अख्खं घर लागतं.

समुद्रात पोहणार म्हटल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या डोळ्यांपुढे नर्मदा होती.

पहिल्या वर्षी निम्म्याहून थोडं अधिक अंतर गेल्यावर डाव्या पोटरीत पेटका आला. पाठीवर तरंगून पाय ताणून पाहिला. सुटला, पुन्हा आला. किनारा दिसत होता, लोकांचा आवाजही येत होता. मी हात वर केला. बचावाची होडी आली, तिच्यात बसून परत आलो. घरी आल्यावर आईला जसं घडलं तसं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू हात वर केलास ना? मग पुढच्या वर्षी जा."

दुसऱ्या वर्षी तीन किलोमीटर पुरे केले. तास-दीड तास लागला, नंबर शेवटून मोजावा असा. पण मला परवानगी मिळाली होती ती पहिल्या वर्षीच्या अपुऱ्या पोहण्यामुळे.

मोठ्यांच्या बाबतीतही हेच दिसतं. आरती साहा यांना ऑगस्ट १९५९ मध्ये इंग्लिश खाडीचा पहिला प्रयत्न अर्धवट सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी खाडी पार केली आणि तसं करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. दक्षिण आफ्रिकेचे शल्यचिकित्सक ओटो थेनिंग यांनी २०१४ मध्ये ही खाडी पोहून पार केली, तेव्हा त्यांचं वय ७३ होतं. आणि आपल्याच मध्य प्रदेशातले, भिंड जिल्ह्यातले सत्येंद्रसिंह लोहिया. दोन्ही पाय अधू, राज्य शासनाची नोकरी, तरी २०१८ मध्ये त्यांनी दिव्यांग जलतरणपटूंच्या रिले संघातून इंग्लिश खाडी पार केली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'आता वय कुठे राहिलं' असं म्हणण्याआधी ही नावं आठवावीत.

आता थोडं खात्याचा माणूस म्हणून बोलतो. तलावात तीन किलोमीटर पोहणाऱ्यानेही नदीत एकट्याने उतरू नये. नर्मदेवर धरणं आहेत, वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं जातं, आणि घाटावर शांत दिसणारं पाणी थोड्या वेळात चढतं. २००५ साली देवास जिल्ह्यात धाराजीला अमावस्येच्या स्नानासाठी जमलेली कितीतरी माणसं अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेली. ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. भोंगा वाजला की सामान सोडून वर यायचं. कुणी बुडत असेल तर उडी मारण्याआधी दोर, बांबू, रिकामा डबा, जे हाताशी असेल ते फेकायचं. नुसतं पोहता येणं वेगळं आणि बुडणाऱ्याला ओढून आणणं वेगळं.

सगळ्यांनी समुद्रात पोहावं असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या मंडळातल्या प्रत्येक घरातल्या निदान एका मोठ्या माणसाला पाण्यावर दहा मिनिटं शांतपणे तरंगता यावं, एवढं आपण ठरवू शकतो. चार दिवसांनी विसर्जन आहे. बाप्पाला निरोप द्यायला आपण पाण्याच्या काठावर जाऊ, सोबत पोरंबाळं असतील. त्यांचा हात धरा आणि जीवरक्षकांचं ऐका. दिवाळीनंतर मोठ्यांसाठी पहाटेचा वर्ग सुरू करायला मंडळाने मदत करावी, अशी विनंती करतो. महिलांसाठी वेगळी वेळ ठेवता येईल. इच्छुकांनी आजच कार्यवाहांकडे नावं द्यावीत. पहिलं नाव आमच्या घरातून आलेलं आहे. ते आईचं आहे, वय ६८.

गणपती बाप्पा मोरया!