कंठग्रंथीची शस्त्रक्रिया आणि व्रतपालनाचा विवेक



सातारा व सांगली जिल्ह्यांतील कुटुंबांना उपचारांसाठी मिरजेस जाणे नवीन नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. थायरॉइड ग्रंथी काढलेला रुग्ण बहुधा दोन-तीन दिवसांत घरी परततो. नेमक्या त्याच सुमारास रक्तातील कॅल्शियम घटण्याचा संभव असतो, आणि तेव्हा डॉक्टर जवळ नसतात.

थायरॉइडच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. स्वीडनमधील इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये मानवी शरीरातील या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. हाडे ही कॅल्शियमची तिजोरी मानली, तर रक्त हे चालू खाते आणि या ग्रंथी दोहोंचा मेळ राखणारे मुनीम होत. शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा दुखावला की मेळ बिघडतो. बहुतेकांचा हा बिघाड काही आठवड्यांत वा महिन्यांत भरून निघतो. थोड्यांना मात्र आयुष्यभर औषध घ्यावे लागते.

ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येणे ही पहिली खूण होय. पुढे हातापायांत गोळे येतात, बोटे आखडतात; दुर्लक्ष झाल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. अशक्तपणा समजून थांबू नये. त्वरित डॉक्टरांना गाठून रक्त तपासावे. प्रसंगी कॅल्शियम शिरेतून द्यावे लागते.

जैन कुटुंबांनी येथे अधिक सावध राहावे. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून अनेकदा विभागून घ्यावयाच्या असतात. थायरॉक्सिनची गोळी व कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर लागते. चौविहार, एकासन वा पर्युषणातील उपवास करणाऱ्याने आपला नियम डॉक्टरांना आधीच सांगावा व वेळापत्रक आखून घ्यावे. काही गोळ्यांतील कॅल्शियम शिंपल्यांचे असते, तर कित्येक कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे असते. खनिज कॅल्शियमचा पर्याय मिळतो, तो मागावा. मात्र पर्याय हाती येईपर्यंत औषध बंद करू नये.

प्रत्याख्यानात आगार ठेवणाऱ्या पूर्वाचार्यांनी रुग्णाच्या समाधीचा विचार केलेलाच आहे. तीव्र पीडेत घेतलेले औषध हा व्रतभंग ठरत नाही. शंका असल्यास गुरुमहाराजांची आज्ञा शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यावी. अहिंसेच्या कक्षेत स्वतःचा देहही येतो, हे विसरू नये.