ओट्याखालचे कपाट आणि बँकेतली ठेव



आज मी शेअर बाजारावर किंवा पेन्शनवर बोलणार नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटांवर बोलणार आहे. हसू नका. घर आणि लग्नकार्य सोडले, तर आपल्यासारख्यांच्या खात्यातून एकरकमी पैसे निघतात ते अशाच कामांसाठी. आणि मेथीची जुडी घेताना आपण जेवढी घासाघीस करतो, तेवढी चौकशीही या कामात करत नाही.

आधी माझी चूक सांगते. आम्ही मूळचे बेळगावचे, गेली तीस वर्षे बेंगळुरूत राजाजीनगरला राहतो. काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघर नवे करायचे ठरले. तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याला काम दिले. पैसे थोडे कमी पडले, म्हणून मुलाच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेली दीड लाखाची मुदत ठेव मोडली. वर्षभरात पुन्हा भरू, असे मनाशी म्हटले. तिसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाचा तळ पापडासारखा फुगला, बिजागऱ्या सुटल्या. वॉरंटीचा कागद काढला, तर त्यात लिहिले होते की पाण्याने झालेले नुकसान धरले जाणार नाही. दुरुस्तीला 40,000 रुपये गेले. फी भरायची वेळ आली तेव्हा बांगड्या गहाण ठेवल्या.

चूक कपाटवाल्यापेक्षा माझी जास्त होती. मी तीन आकडे शेजारी ठेवले, पण ते आकडे तीन वेगवेगळ्या वस्तूंचे होते. वस्तू एकच असेल, तरच भावाची तुलना होते. आजच्या बोलण्यातले एवढे एकच वाक्य लक्षात ठेवलेत तरी पुरे.

पहिली गोष्ट मापाची. कपाटाचा भाव चौरस फुटावर सांगतात. पण कोणता चौरस फूट? कोणी फक्त समोरचा दर्शनी भाग मोजतो, कोणी आतली प्रत्येक फळी मोजतो. सोप्या आकड्यांत पाहू. ओटा 10 फूट लांब, कपाट अडीच फूट उंच, 2 फूट खोल. दर्शनी भाग झाला 25 चौरस फूट. पहिला म्हणतो, 2,000 रुपये चौरस फूट, म्हणजे 50,000. दुसरा म्हणतो, माझा भाव फक्त 500. पण तो दारे 25, पाठ 25, तळ 20, मधला कप्पा 20 आणि पाच उभ्या फळ्या 25, असे 115 चौरस फूट मोजतो. झाले 57,500. चौपट स्वस्त वाटलेला माणूस साडेसात हजारांनी महाग पडला. म्हणून दर विचारू नका. "माझ्या ओट्याचे सगळे मिळून किती?" असे विचारा.

दुसरी गोष्ट मालाची. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि प्लायवूड, तिन्हींवर सनमायका चढला की बाहेरून सारखेच दिसतात. आत फरक असतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि तुकडे चिकटवून दाबलेली फळी. कोरड्या जागी ती वर्षानुवर्षे टिकते, पण कापलेल्या कडेतून पाणी शिरले की फुगते आणि पुन्हा बसत नाही. प्लायवूडमध्ये आयएस 303 हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे मानक आहे, तर आयएस 710 हे मरीन प्लायचे. मरीन प्लायच्या चाचणीत तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. "वॉटरप्रूफ आहे हो ताई" या बोलण्याला किंमत नाही. फळीवरचा आयएसआय शिक्का आणि त्याखालचा परवाना क्रमांक पाहा. तो क्रमांक खरा की खोटा, हे 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपवर घरबसल्या तपासता येते.

पण सगळीकडे मरीन प्लाय लावायलाच हवा, असेही नाही. पाणी सिंकखाली येते, फरशी पुसताना खालच्या कपाटांना लागते. वरच्या कपाटांत तर डबे आणि पाहुण्यांची भांडी. तेव्हा खाली चांगला माल, वर साधा, अशी वाटणी करा. जिथे ओल, तिथे पैसा.

तिसरी गोष्ट, कोणाकडून करून घ्यायचे? बेंगळुरूत पर्याय भरपूर. म्हैसूर रोडजवळच्या टिंबर यार्ड लेआउटमध्ये स्वतः जाऊन प्लाय निवडायचा आणि सुताराला घरी बसवायचे, हा जुना मार्ग. त्यात माल आपल्या डोळ्यांसमोर असतो, पण रोज देखरेख हवी. मॉड्युलर कंपन्या कारखान्यात कापून आणतात; काम नेटके आणि लवकर होते, पण आत काय वापरले ते कागदावर लिहून घ्यावे लागते. नागसंद्र्याला 2022 पासून आयकियाचे दालन आहे. तिथे ठरावीक मापाची तयार कपाटे मिळतात. आपला ओटा त्या मापांत बसतो का, ते आधी पाहावे. चौथा पर्याय कोणी विकत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही: जुन्या कपाटांचे सांगाडे ठोकून पाहा. ते धड असतील तर फक्त दारे, बिजागऱ्या आणि ट्रॉल्या बदला. बऱ्याच घरांत तेवढ्याने भागते.

चौथी गोष्ट वरच्या खर्चाची. फर्निचरवर साधारणपणे 18 टक्के जीएसटी लागतो. 1,80,000 च्या कामावर तो 32,400 होतो. एकाच्या आकड्यात तो धरलेला असतो, दुसऱ्याच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत "कर वेगळा" असते. शिवाय जुनी कपाटे काढणे, राडारोडा उचलणे, नळ आणि विजेचे काम, अपार्टमेंटच्या असोसिएशनकडे ठेवायची अनामत. हे सगळे तिन्ही कोटेशनांत मिळवा, मगच ती शेजारी ठेवा.

पाचवी गोष्ट वर्षांची. 1,20,000 चे कपाट 6 वर्षे टिकले, तर वर्षाला 20,000 पडले. 1,80,000 चे 15 वर्षे टिकले, तर वर्षाला 12,000. पण दोन वर्षांत घर विकायचे असेल, तर हाच हिशेब उलटतो. तेव्हा स्वस्त घेण्यातच शहाणपण आहे.

आता पैसे कुठून आणायचे? समजा 2 लाख हवेत. 14 टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज घेतले, तर 36 महिने दरमहा सुमारे 6,836 रुपये भरावे लागतात. एकूण जवळजवळ 2,46,000. तेवढाच हप्ता साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत भरला, तर 27 महिन्यांत 2 लाखांच्या आसपास जमतात. म्हणजे नऊ हप्ते वाचले. तोवर कपाटांचे भाव थोडे वाढतील हे खरे, पण नऊ हप्ते म्हणजे 60,000 हून अधिक.

"बिनव्याजी हप्ते" ऐकलेत, तर दोन मिनिटे थांबा. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. ते व्याज प्रक्रिया शुल्कात लपते, नाहीतर गेलेल्या सवलतीत. रोख दिले तर किती कमी कराल, हे विचारा, म्हणजे व्याज दिसेल. कर्ज घ्यायचेच असेल, तर मुख्य तथ्य विवरण मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. शुल्क धरून वर्षाला खरे किती टक्के पडते, तो आकडा त्यात एपीआर या नावाने असतो. तुलना त्याचीच करा.

शेवटी पैसे देण्याबद्दल. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. टप्पे ठरवा: थोडी सुरुवातीला, थोडी माल घरी आल्यावर शिक्के पाहून, आणि निदान दहावा हिस्सा शेवटचे दार नीट लागेपर्यंत हातात ठेवा. पक्के बिल घ्या. वॉरंटीत पाण्याबद्दल काय लिहिले आहे, ते सही करण्याआधी वाचा. मी नंतर वाचले. वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. बिल नसेल, तर तिथेही हात बांधलेले असतात.

आज घरी गेल्यावर एक काम करा. सिंकखालचे दार उघडा, तळावर हात फिरवा. कोरडा आणि टणक लागला, तर दार लावून टाका आणि ठेव तशीच राहू द्या. मऊ लागला, तर वही घ्या आणि तीन रकाने आखा. पण ज्या ठेवीवर मुलांच्या फीचे किंवा दवाखान्याचे नाव आहे, ती कपाटासाठी मोडू नका. कपाट वर्षभर थांबू शकते, फी थांबत नाही.