आधी आत जातं आहे का बघा

आम्ही चिखलदऱ्याकडच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

महाराष्ट्रात कॉफीची झाडं म्हटली की आपल्या चिखलदऱ्याचं नाव निघतं. पण आपल्या घरात मात्र पावडरची पुडी दुकानातूनच येते. म्हणून मागच्या हिवाळ्यात आम्ही ठरवलं, भाजलेल्या बिया आणू आणि घरीच दळू. दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो, बिया जास्त टिकतात.

आमच्यातल्या एकीनं गटातून कर्ज काढून विजेचं छोटं यंत्र घेतलं. बटण दाबलं की घर्र करून पावडर तयार. पण कॉफी कडू लागायची आणि कपात गाळ उरायचा. यंत्र फळीवर गेलं, हप्ते चालूच राहिले. घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच.

चूक तिची एकटीची नव्हती. कर्ज मंजूर करताना आम्हीही यंत्राच्या आत डोकावलो नव्हतो. आत मिक्सरसारखं पातं होतं. पातं बी तोडतं, सारखं दळत नाही. थोडं पीठ होतं, थोडे तुकडे राहतात. पिठातून कडूपणा उतरतो आणि तुकड्यांतली चव आतच राहते.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात दोन दातेरी भाग असतात. एक स्थिर, एक फिरता. म्हणजे आपलं जातंच की! मधली फट कमी केली की बारीक, वाढवली की भरड, आणि दळण एकसारखं. फिल्टरची कॉफी करायची तर बारीक रव्याएवढं दळा. भांड्यात उकळून गाळायची तर जाड रव्याएवढं.

असं हातानं फिरवायचं यंत्रही मिळतं. दोन कपांसाठी साधारण 20 ग्रॅम बिया दोन-तीन मिनिटांत दळून होतात. लाइट गेली तरी अडत नाही. रोज दहा-बारा कप लागत असतील तरच विजेचं बघा.

घेताना तीन गोष्टी विचारा. आत पातं आहे की दातेरी जातं? फट कमी-जास्त करता येते का? उघडून ब्रशनं साफ करता येतं का? लोखंडी दाते पाण्यानं धुऊ नका, गंजतात. कच्च्या हिरव्या बिया घालू नका, फार कडक असतात. आणि त्यात मिरची-मसाला तर कधीच नको, वास जात नाही.

नवीन घेणं जमत नसेल तर मिक्सर आहेच. थोडं थोडं फिरवा, भांडं हलवा, मग चाळून घ्या.

आम्ही आता चार घरांत मिळून हातानं फिरवायचं एक यंत्र घेतलंय. त्या ताईला गटानं हप्त्यांची मुदत वाढवून दिली, आणि तिच्या यंत्रात आता धने-जिरे दळले जातात. यंत्रासाठी कुणी कर्ज मागितलं, की आम्ही आधी विचारतो, "बाई, उघडून पाहिलंस का?"

तुम्हीही विचारा.