मंगळावरचा ठिपक्यांचा दगड
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



२०२५ च्या भोंडल्याला कोणीशी बातमी आणली, "मंगळावर जीव सापडले!" झाले, खिरापत ओळखायची राहिली बाजूला आणि वाद सुरू झाला. तेव्हा खरे काय ते शोधून सांगण्याचे काम चिटणीसबाईंनी माझ्या गळ्यात घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मुलाकडून समजावून घेतले, ते सांगते.

मंगळावर आज नद्या नाहीत, पण त्यांची कोरडी पात्रे आहेत. पाणी होते, तर जीवही होते काय? हे पाहण्यासाठी अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने तेथे यंत्राच्या गाड्या धाडल्या. त्यांतली 'पर्सिव्हरन्स' ही १८ फेब्रुवारी २०२१ रोजी 'जेझेरो' नावाच्या ४५ किलोमीटर रुंद खळग्यात उतरली. ३५० कोटी वर्षांपूर्वी तेथे तळे होते. गाडीला सहा चाके आहेत आणि एक लांब हात. त्या हाताने ती दगड खरवडते व आतला खडूएवढा तुकडा काढून घेते. आत माणूस नाही. आपला निरोप तिकडे पोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणून दिवसाचे काम आधी सांगून ठेवायचे आणि वाटेतले धोंडे तिचे तिने चुकवायचे. नव्या सुनेवर घर सोपवून गावाला जावे, तसेच हे!

जुलै २०२४ मध्ये जुन्या नदीच्या पात्रात तिला एक तांबूस दगड दिसला. त्यावर काळ्या कडेचे फिकट ठिपके, बिबळ्याच्या अंगावर असतात तसे. त्या ठिपक्यांत लोखंडाची फॉस्फरसशी व गंधकाशी झालेली संयुगे असावीत, असे तपासणीत दिसले. पृथ्वीवर चिखलातले सूक्ष्म जंतू अशी खनिजे मागे ठेवतात. पण जंतूंवाचूनही ती होऊ शकतात. म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये शास्त्रज्ञ इतकेच म्हणाले, की ही जीवाची खूण असू शकेल. ही सावधगिरी अनुभवाची आहे. १९७६ मध्ये 'व्हायकिंग' यंत्राने मंगळाची माती तपासली, तेव्हा तीतून वायू निघाला व मोठी आशा वाटली. पुढे बहुतेकांनी तो मातीतल्या रसायनांचाच गुण ठरवला.

हे ऐकले आणि मला माझीच लाज वाटली. मागे एकदा देवघरातली चांदीची वाटी दिसेना. कामाची मुलगी तेथे फरशी पुसून गेली होती, एवढ्यावरून मी तिला चोर ठरवले. ती रडत गेली, ती पुन्हा आली नाही. दिवाळीच्या साफसफाईत वाटी देव्हाऱ्यामागे निघाली. मी खूण एक पाहिली आणि दुसरे कारण शोधलेच नाही. निरोप धाडला, पण ते बिऱ्हाड तोवर हलले होते.

त्या दगडाचा तुकडा गाडीने नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवर आणून तपासल्यावाचून निकाल लागायचा नाही. भोंडल्याला डबा हलवून आपण करंजी म्हणतो आणि निघते चकली. तेथे चुकले तर हसून सोडता येते. माणसाच्या बाबतीत मात्र झाकण उघडेपर्यंत तोंड मिटून बसावे, एवढे मी त्या दगडापासून शिकले.