बाहेर पडणारा श्वास



या मंडपात बसल्या बसल्या आपण सर्वजण मिनिटाला बारापंधरा वेळा श्वास घेत आहात, आणि त्याची कोणालाच आठवण नाही. आता एक विनंती. नाक दाबून थोडा वेळ श्वास रोखून पाहा. मिनिट होते न होते तोच जीव कासावीस होईल व हात आपोआप सुटेल. ही कासाविशी कशाची? प्राणवायू संपल्याची, असे उत्तर चटकन तोंडावर येते. पण तेवढ्या वेळात निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायू फारसा घटत नाही. साचतो तो कर्बाम्लवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड.

जुने नाव आम्ही मुद्दाम घेतले, कारण त्यात अम्ल आहे. हा वायू पाण्यात विरघळला की सौम्य अम्ल तयार होते. सोडावॉटरची चुणचुण ती हीच. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातही दर मिनिटाला सुमारे २०० घनसेंटिमीटर इतका हा वायू निर्माण होतो. रक्ताची अम्लता ज्या मापाने मोजतात, तो पीएच मात्र ७.३५ ते ७.४५ एवढ्याच अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. तो खाली गेला की रक्त अम्लाकडे झुकले. मूत्रपिंडेही हा तोल सांभाळतात, पण त्यांना दिवस लागतात. श्वासाला काही मिनिटे पुरतात. मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र अम्ल किंचित वाढताच श्वास खोल करते, घटताच मंद करते. हॉल्डेन व प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ साली हे प्रयोगाने दाखविले. प्राणवायूवरही पहारा आहे, मानेतील धमन्यांपाशी. परंतु तो पहारेकरी बराच उशिरा ओरडतो.

पैज लावून विहिरीत बुडी मारणाऱ्या मुलांच्या जिवाशी याचा संबंध आहे. बुडीपूर्वी ही मुले भराभर दहावीस खोल श्वास घेतात. प्राणवायूचा साठा होतो अशी समजूत! रक्त मुळातच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते, त्यात भर ती काय पडणार? कर्बाम्लवायू मात्र धुऊन निघतो. मग पाण्याखाली घुसमट जाणवण्याआधीच प्राणवायू संपून शुद्ध हरपते. काठावरच्यांना वाटते, गडी अजून दम धरून आहे.

याच्या उलट, हा वायू बाहेर टाकताच आला नाही तर काय होते, ते १९५२ साली डेन्मार्कमध्ये दिसले. कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रोगी ब्लेगडॅम रुग्णालयात येऊ लागले, आणि तेथे लोखंडी फुप्फुस म्हणतात ती पेटी होती एकच. शिवाय छातीवर बसवायची सहा यंत्रे. पहिल्या काही आठवड्यांत अशा ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले आढळे, म्हणून रक्तात अल्कली वाढली असावी असा डॉक्टरांचा तर्क होता. भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी नेमके उलटे निदान केले. कोंडलेल्या वायूमुळे रक्त अम्ल झाले आहे, असे त्यांचे म्हणणे. प्राणवायू दिल्यामुळे रोगी निळे पडत नसत, म्हणून श्वास पुरतो आहे असा भास होई. पण अंगाला घाम फुटे, रक्तदाब चढे. प्राणवायू आत गेल्याने कोंडलेला वायू बाहेर निघत नाही, ही साधी गोष्ट त्या गुलाबी कांतीआड लपली होती.

२७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविली आणि इब्सेन रबरी पिशवी हाताने दाबून तिचा श्वास चालवू लागले. साचलेला वायू उतरला, मुलगी वाचली. यंत्रे नव्हती; तेव्हा वैद्यकीय व दंतवैद्यकीय शाखेचे सुमारे १५०० विद्यार्थी पुढे आले आणि रात्रंदिवस पाळ्या लावून, उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. ऐन तारुण्यातली ही पोरे, आणि समोरच्या मुलाचा प्राण शब्दशः त्यांच्या मुठीत! शेकडा ८७ असलेले मृत्यूचे प्रमाण हळूहळू शेकडा २५ च्या आसपास आले. पिशवी किती दाबायची, याचा हिशेब पौल अ‍ॅस्ट्रप यांच्या प्रयोगशाळेत रक्ताचा पीएच मोजून होऊ लागला. एरवी हे मोजमाप आपले श्वसनकेंद्र करते, झोपेतसुद्धा.