पदवी आणि पद



स्त्रियांनी उच्च शिक्षण घ्यावे की नाही, हा वाद आता कोणी जाहीरपणे घालीत नाही. एके काळी या प्रश्नावर सभा गाजल्या, वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. आज निकाल लागला की मुलीच्या पेढ्यांचा डबा साऱ्या आळीत फिरतो. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीत उच्च शिक्षण घेणारे सुमारे ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थी आढळले आणि त्यांत मुली होत्या २ कोटी ७ लक्ष. म्हणजे जवळजवळ निम्म्या. ही गोष्ट आनंदाची आहे यात शंका नाही. परंतु आज आम्हांला बोलायचे आहे ते पदवीनंतरच्या पदाविषयी. पदवीचा दरवाजा उघडला म्हणून पदाचा दरवाजा आपोआप उघडत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपल्या नाशकात १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याची परीक्षा उतरल्या. पण त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पदवी मात्र देत नसे. ती पदवी बाईंच्या हाती पडली १९२२ साली! आणि हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा झाला तो १९२३ साली. मधल्या तीस वर्षांत बाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. बंगालमधील पडदानशीन जमीनदारिणींच्या इस्टेटींचे प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे हाताळले. ज्ञान होते, अनुभव होता, अशिलांचा विश्वास होता. कायद्याने मुभा दिली तेव्हा वयाची छप्पन्न वर्षे उलटली होती.

कोणी म्हणेल, ती परक्या राज्यातली गोष्ट झाली. तर मग स्वराज्यातली ऐका. कूर्गच्या सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. त्या सेवेतल्या त्या पहिल्या स्त्री. या सेवेच्या नियमांत असे लिहिले होते, की स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी. आणि संसारामुळे कामात अडथळा येईल असे सरकारास वाटल्यास तिला राजीनामा द्यावा लागेल. पुरुष अधिकाऱ्याला असा नियम नव्हता. जणू संसार फक्त बायकाच करतात! मुथम्मा १९७० साली हंगेरीत राजदूत झाल्या, तरी पुढे वरच्या श्रेणीच्या वेळी त्यांना डावलले गेले. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने बढती दिली. म्हणून १९७९ साली न्यायालयाने अर्ज निकालात काढला. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले आणि सेवेतले भेदभावाचे सारे नियम तपासावेत असे सरकारला बजावले.

असे का होते? आमच्या मते कारण साधे आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो, नाव नसते. तपासनिसाला मुलगा की मुलगी हे ठाऊक नसते. बढतीच्या कागदावर मात्र नाव असते आणि टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या मनात त्या नावाविषयी काही समजुती असतात. 'बाईंना बदली झेपेल का?' 'रात्री उशिरापर्यंत थांबतील का?' हे प्रश्न बाईंना कोणी विचारीत नाही. त्यांची उत्तरे परस्पर दिली जातात, आणि तीही काळजीपोटी!

वरच्या जागेसाठी अनुभव लागतो, त्याला वर्षे जातात, हे आम्ही मान्य करतो. वकिलीची सनद हाती आली म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणी न्यायाधीश होत नाही. पण किती वर्षे जावीत? कायदा १९२३ चा. मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या स्त्री न्यायाधीश, सुजाता मनोहर, आल्या १९७८ साली. मध्ये पंचावन्न वर्षे गेली. अनुभव मिळवायला माणसाचा एक जन्म पुरतो. येथे दोन पिढ्या लागल्या.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. पंचविशी ते पस्तिशी हा कोणत्याही व्यवसायात पाय रोवण्याचा काळ, आणि बाळंतपणाचाही तोच. २०१७ साली कायद्याने बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे केली. पन्नास वा अधिक नोकर असतील तेथे पाळणाघर हवे असेही ठरवले. कायदा चांगला आहे. पण रजा एकट्या आईची राहिली, तर मालक तेवढाच हिशेब करतो आणि बाईऐवजी बुवा नेमतो. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढणारा बापही सुनेची बदलीची ऑर्डर आली की म्हणतो, 'कशाला ती दगदग? नाही म्हणून सांग.' मुलगी शिकली याचा अभिमान, आणि सून साहेबीण झाली तर पंचाईत! हा दुटप्पीपणा सोडल्याखेरीज कायद्याचे हात घरात पोहोचणार नाहीत.

आम्ही श्रोत्यांना मोठा त्याग मागत नाही. आपल्यापैकी कित्येकजण शिक्षणसंस्थांचे, सहकारी बँकांचे, इस्पितळांचे विश्वस्त वा संचालक आहेत. उद्या सकाळी आपल्या संस्थेची यादी काढा. खालच्या पायरीवर किती स्त्रिया आहेत आणि वरच्या पायरीवर किती, एवढे मोजा. दोन आकड्यांत फार अंतर दिसले, तर वरच्या जागेसाठी ज्या स्त्रीला डावलले तिचे कारण कागदावर लिहून काढा. जे कारण लिहायला हात धजणार नाही, ते मनातूनही काढून टाका. आणि घरी जाऊन सुनेला विचारा, की तिची बढती कोणत्या कारणाने अडली आहे. ते कारण आपणच तर नाही ना, हेही तिच्याकडूनच ऐका.