नेमबाजाची दुर्बीण

रायफलीवरील दुर्बीण जितकी अधिक शक्तीची, तितका नेम अधिक अचूक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीस पहिला धक्का ऑलिंपिकमध्येंच बसतो. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यानें २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या त्रिआसनी स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तें दुर्बिणीवांचून. त्या स्पर्धेंत दुर्बिणीस मज्जावच आहे. तेथील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें. पन्नास मीटरांवरून तें डोळ्यास वेगळें असें दिसतच नाहीं. दिसतो तो भोंवतालचा काळा ठिपका. तो ठिपका नळीच्या टोंकावरील कड्याच्या मध्यावर, आणि तें कडें डोळ्याजवळील छिद्राच्या मध्यावर बसवावयाचें, एवढ्यावर तेथील नेम साधतो.

मग दुर्बीण हवी कोणास? एक हजार यार्डांवरून टेकूच्या आधारानें रायफल चालविणाऱ्या नेमबाजांस. कॅनडांतील जॉर्ज फारक्वार्सन यानें हा प्रकार सुरू केला, आणि त्याच्याच आडनांवाच्या आद्याक्षरावरून त्यास ‘एफ् क्लास’ हें नांव पडलें. वयोमानानें ज्यांची दृष्टि मंदावली, हात पूर्वीसारखा स्थिर राहीना, अशा जुन्या नेमबाजांस मैदान सोडावें लागूं नये, हा त्यांतील मूळ हेतु. अर्थात् सवलत फुकट मिळत नाहीं. या प्रकारासाठीं लक्ष्याचीं आंतील वर्तुळें निम्मीं करण्यांत आलीं: दहा गुणांचें वर्तुळ १० इंच व्यासाचें आणि त्याच्या पोटांतील मध्यवर्तुळ ५ इंचांचें.

अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. हजार यार्डांवर एक कला सुमारें साडेदहा इंच भरते, आणि निरोगी डोळ्याची सूक्ष्म भेद ओळखण्याची मर्यादाहि सुमारें तेवढीच. चाळीस पट दुर्बिणींतून तेंच लक्ष्य पंचवीस यार्डांवर आणून ठेविल्यासारखें दिसतें. त्यावर फुलीची बारीक तार ठेवावयाची. चकती फिरवितांच ‘टिक्’ असा आवाज होऊन नेम कलेच्या अष्टमांशानें सरकतो. जॉन अनर्टल यानें १९३४ सालीं पिट्सबर्ग येथें सुरू केलेल्या कारखान्याच्या दुर्बिणी एका काळीं अमेरिकन लक्ष्यवेध्यांच्या आवडत्या होत्या. त्यांची लांब नळी बार उडतांच आपल्या बैठकींत सरके, म्हणजे धक्का भिंगांस बसत नसे. आजच्या दुर्बिणी तो धक्का जागच्या जागीं सोसतात.

परंतु दुर्बीण लक्ष्य तेवढें मोठें करीत नाहीं. नेमबाजाच्या नाडीचा ठोका, श्वासाची हालचाल, टेकूची किंचित् डळमळ, हें सारेंच ती चाळीस पटींनीं मोठें करून दाखविते; नवशिका तें पाहून गांगरतो व घाईनें घोडा ओढतो. प्रकाशाचेंहि तसेंच. ५२ मिलिमीटर व्यासाचें पुढचें भिंग ५५ पटींवर चालविलें कीं डोळ्याकडे येणारी प्रकाशशलाका एका मिलिमीटरहूनहि बारीक उरते. चित्र मंद होतें, आणि मान जरा हलली कीं नाहींसेंच होतें. शिवाय दृष्टिक्षेत्र इतकें आकुंचित होतें कीं लक्ष्याचा क्रमांक दिसेनासा होऊन शेजाऱ्याच्याच लक्ष्यावर गोळी झाडली जाते. ती कितीहि सुंदर बसली तरी झाडणाऱ्याच्या खात्यावर शून्यच!

याहून मोठी अडचण हवेची. ऊन तापलें म्हणजे जमिनीवरून उठणारे तप्त हवेचे थर लक्ष्याच्या प्रतिमेस नाचवूं लागतात. नेमबाज यास मृगजळ म्हणतात. कच्च्या गड्यास तें शत्रु वाटतें. जाणत्यास त्यांतून वारा वाचतां येतो: लाटा डावीकडून उजवीकडे धांवत असल्या तर वाराहि तसाच, त्या सरळ वर उकळूं लागल्या तर वारा पडला आहे, किंवा नळीच्याच दिशेनें वाहत आहे. ही वाचनविद्या क्षुल्लक नव्हे. ०.३०८ इंच व्यासाच्या नेहमींच्या गोळीस हजार यार्ड कापण्यास सुमारें दीड सेकंद लागतो, आणि आडव्या वाऱ्याचा वेग ताशीं एका मैलानें बदलला तरी ती आठनऊ इंच ढळते. पांच इंचांच्या वर्तुळाचा ठाव त्यांत कोठल्या कोठें जातो. तार मध्यावर होती, हात स्थिर होता, तरी गोळी बाहेर. दोष दुर्बिणीचा नसतो.

म्हणून पट कमीजास्त करण्याचें कडें ज्या दुर्बिणीस आहे तिच्यासाठीं लोक अधिक दाम मोजतात. सकाळच्या थंड, निवांत हवेंत पन्नास पटींवर रेघ न् रेघ स्पष्ट दिसते. दुपारीं त्याच पटींवर वर्तुळें पाण्यांतल्या सांवलीसारखीं थरथरतात. तेव्हां मुरलेला नेमबाज कडें मागें फिरवून तीस किंवा पंचवीस पटींवर आणतो, बाजूच्या निशाणांकडे एकदां पाहतो, आणि लाटांचा ओघ पूर्वीसारखा वाहूं लागेपर्यंत घोड्यावरील बोट सैल सोडून पडून राहतो.